आलेखाला प्रश्न कसे विचारावेत?

सहावी-सातवीपासून आपण मुलांना आलेख काढायला शिकवतो. आधी स्तंभालेख, मग जोडस्तंभालेख, पुढे वृत्तालेख. मूल आलेखकागदावर दोन अक्ष काढते, प्रमाण ठरवते, बिंदू मांडते आणि वही तपासायला देते. आलेख पूर्ण झाला की काम संपले. छापील आलेखाचेही असेच असते. कोणत्या दोन राशी अक्षांवर घ्यायच्या, कोणाला वगळायचे, कशाची सरासरी काढायची हे सारे आलेख काढणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. वाचकाने फक्त पाहायचे आणि मान डोलवायची.

संगणकाच्या पडद्यावरचा आलेख याहून वेगळा असू शकतो. 'असू शकतो' असे म्हणायचे कारण, बहुतेक वेळा तो वेगळा नसतो. ठिपक्यावर माउस नेला की छोट्या चौकटीत आकडा उमटतो, स्तंभ खालून वर वाढत येतात, आणि एवढ्याच भांडवलावर त्याला 'इंटरॅक्टिव्ह' म्हटले जाते. आमच्या मते ही नुसती सजावट झाली. वाचकाला स्वतःचा प्रश्न विचारता यावा आणि त्याचे उत्तर आलेखाने तिथल्या तिथे द्यावे, तेव्हाच तो 'संवादी आलेख' म्हणवून घ्यायला पात्र होतो. असे आलेख आतून कसे चालतात आणि शिक्षकांनी त्यांची दखल का घ्यावी, हे आपण या लेखात पाहू.

उदाहरणासाठी आपण एका फुलाची मापे घेऊ. आयरिस हे केशराच्या कुळातले फुलझाड आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी आयरिसच्या फुलांची मापे गोळा केली आणि ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली ती आपल्या एका लेखात छापली. तेव्हापासून संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या याच आकड्यांवर वाढल्या. सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या तीन जाती, प्रत्येकीची ५० फुले, म्हणजे एकूण १५० फुले. प्रत्येक फुलाची मापे चार: निदलाची लांबी व रुंदी आणि पाकळीची लांबी व रुंदी, सर्व सेंटिमीटरमध्ये. (आयरिसची निदले हिरवी नसून पाकळ्यांसारखीच रंगीत असतात. जास्वंदीचे फूल नजरेसमोर ठेवून वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये, म्हणून हे सांगितले.)

आता एक साधा आलेख काढू. आडव्या अक्षावर निदलाची लांबी, उभ्या अक्षावर निदलाची रुंदी आणि प्रत्येक फुलासाठी एक ठिपका. सगळे ठिपके मांडले तर एक विस्कटलेला ढग दिसतो. सहसंबंध गुणांक काढला तर तो उणे ०.१२ येतो. म्हणजे लांबी वाढली की रुंदी अगदी किंचित घटते, किंवा त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, असे आपण म्हणू. छापील आलेखावर गोष्ट इथेच संपली असती.

पण समजा, वाचकाला 'फक्त सेटोसा दाखव' असे आलेखाला सांगता आले, तर? विस्कटलेल्या ढगातून डावीकडचा एक चांगला तिरपा पट्टा उजळून निघतो. तो खालून डावीकडून वर उजवीकडे चढतो. सेटोसाचा सहसंबंध गुणांक अधिक ०.७४ आहे. व्हर्सिकलर निवडली तर तो अधिक ०.५३ आणि व्हर्जिनिकाचा अधिक ०.४६. प्रत्येक जातीत लांब निदल हे रुंदही असते. तिन्ही जाती एकच गोष्ट सांगत आहेत आणि तिघींना एकत्र केले की उत्तर उलटे येते! कारण असे, की सेटोसाची निदले आखूड पण रुंद आहेत आणि उरलेल्या दोन जातींची लांब पण त्या मानाने अरुंद. तीन चढणारे पट्टे अशा जागी बसले आहेत, की त्यांचा मिळून झालेला ढग किंचित उतरता दिसतो.

ही फुलांपुरती गंमत नाही. समजा, दोन शाळांच्या दहावीच्या निकालाची तुलना चालली आहे. दोन्ही शाळांत शंभर-शंभर मुले बसली. पहिल्या शाळेतली ८० मुले शिकलेल्या घरांतली. त्यांपैकी ७२ उत्तीर्ण झाली. उरलेली २० मुले घरातल्या पहिल्याच पिढीत शाळेत आलेली. त्यांपैकी ८ उत्तीर्ण झाली. निकाल ८० टक्के. दुसऱ्या शाळेत शिकलेल्या घरांतली मुले २०, त्यांपैकी १९ उत्तीर्ण. पहिल्या पिढीतली ८०, त्यांपैकी ४० उत्तीर्ण. निकाल ५९ टक्के. वर्तमानपत्रातल्या स्तंभालेखात पहिली शाळा उंच आणि दुसरी ठेंगणी दिसेल. पण गट वेगळे केले तर पहिल्या शाळेचे आकडे ९० आणि ४० टक्के, दुसरीचे ९५ आणि ५० टक्के. दोन्ही गटांत दुसरी शाळाच सरस! हे आकडे आम्ही कल्पिले आहेत, पण अशी स्थिती प्रत्यक्षात येऊ शकते, आणि ठेंगण्या स्तंभाखाली नाव असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना त्याबद्दल सभेत उत्तरे द्यावी लागतात. हातातल्या आलेखाला 'गट वेगळे करून दाखव' असे सांगण्याची सोय असणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको.

कुंचला आणि जोडलेले आलेख

आयरिसकडे परत येऊ. चार मापांतून दोन-दोनच्या जोड्या केल्या तर सहा आलेख होतात. सहाही एकाच पडद्यावर शेजारी शेजारी मांडले, तर दर फुलाचे सहा ठिपके सहा ठिकाणी असणार. एका आलेखातल्या कोपऱ्यातला ठिपका दुसऱ्या आलेखात कुठे आहे, हे डोळ्यांनी शोधणे अशक्य. यावरचा उपाय साधा आणि सुंदर आहे. माउसने एका आलेखावर एक चौकट ओढायची. चौकटीत सापडलेली फुले त्या आलेखात तर उजळतातच, पण उरलेल्या पाचही आलेखांत तीच फुले त्याच क्षणी उजळतात. चौकट सरकवली की सगळीकडचा उजेड सरकतो. रंगाऱ्याने कुंचला फिरवावा तसे हे दिसते, म्हणून या तंत्राला 'ब्रशिंग' असे नाव पडले.

याचा उगम बराच जुना आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रेषीय त्वरक केंद्रात जॉन ट्युकी, जेरोम फ्रीडमन आणि मेरी ॲन फिशरकेलर यांनी 'प्रिम-९' नावाची संगणकप्रणाली तयार केली. ठिपक्यांचा ढग पडद्यावर फिरवून पाहणे, त्यातला एखादा भाग वेगळा काढणे, काही भाग झाकणे अशा गोष्टी तिच्यात करता येत. नावातला ९ म्हणजे एका वेळी हाताळता येणाऱ्या राशींची संख्या. पुढे बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड बेकर आणि विल्यम क्लीव्हलंड यांनी १९८७ साली कुंचल्याच्या तंत्राची नीट मांडणी केली. निवडलेले ठिपके उजळणे, निवडलेलेच ठेवून बाकीचे इतर आलेखांतून दृष्टिआड करणे, निवडलेले पुसणे आणि त्यांना नाव देणे अशी चार कामे त्यांनी कुंचल्याला नेमून दिली. आजच्या बहुतेक संगणकप्रणाली याच चार कामांत फेरफार करत असतात.

कुंचला आतून कसा चालतो? त्यासाठी दहावीच्या बीजगणितापलीकडे फारसे काही लागत नाही. समजा, पाकळीची लांबी १ ते ७ सेंटिमीटर असा अक्ष आहे आणि तो पडद्यावर ६०० पिक्सेल रुंद आहे. मग एका सेंटिमीटरला १०० पिक्सेल आले. ठिपका कुठे काढायचा? लांबीतून १ वजा करून १०० ने गुणा. ४.५ सेंटिमीटरचे फूल ३५० व्या पिक्सेलवर बसेल. साध्या आलेखाला एवढे एकच सूत्र पुरते. संवादी आलेखाला याचे उलटे सूत्रही लागते. वाचक माउस ओढतो तेव्हा संगणकाला फक्त पिक्सेल कळतात. ३५० पासून ४१० पर्यंत चौकट ओढली, एवढेच. १०० ने भागून १ मिळवले की ४.५ ते ५.१ सेंटिमीटर हे उत्तर निघते. म्हणजे हाताची हालचाल 'पाकळीची लांबी ४.५ ते ५.१ असलेली फुले कोणती?' या प्रश्नात बदलली. फल आणि व्यस्त फल यांचा मुलांना पटकन पटेल असा उपयोग हवा असेल, तर हे उदाहरण जरूर वापरावे.

दुसरी गोष्ट ओळखीची. हजेरीपटात प्रत्येक मुलाला जसा क्रमांक असतो, तसा प्रत्येक फुलाला एक क्रमांक दिलेला असतो. चौकटीत कोणते क्रमांक आले याची एकच यादी संगणक ठेवतो. सहा आलेख एकमेकांशी बोलत नाहीत. तसे बोलू लागले तर प्रत्येकाने इतर पाचांना निरोप द्यायचा, म्हणजे निरोपांच्या वाटा तीस झाल्या. त्याऐवजी सगळे आलेख त्या एका यादीकडे पाहतात. यादी बदलली की प्रत्येकजण स्वतःला नव्याने काढतो. सातवा आलेख जोडायचा झाला तर एकच वाट वाढते. संवादी आलेख बांधणाऱ्यांनी सगळ्यात आधी शिकावी अशी युक्ती कोणती, असे विचारले तर आम्ही हीच सांगू.

आता ती चौकट प्रत्यक्ष वापरून पाहू. ४.५ ते ५.१ हा पट्टा आम्ही मुद्दाम निवडला. सेटोसाची पाकळी १.९ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, तेव्हा ती जात इथे येतच नाही. व्हर्सिकलरची पाकळी ३.० ते ५.१ आणि व्हर्जिनिकाची ४.५ ते ६.९. या दोघींचे क्षेत्र एकमेकांवर चढते ते नेमके इथे. चौकटीत ३७ फुले सापडतात: २१ व्हर्सिकलर आणि १६ व्हर्जिनिका. केवळ लांबीवरून त्यांना वेगळे करता येणार नाही. आता पहिली चौकट तशीच ठेवून पाकळीच्या रुंदीच्या आलेखावर दुसरी चौकट ओढा: १.८ सेंटिमीटर आणि त्याहून अधिक. दोन्ही अटी पुऱ्या करणारी १४ फुले उजळतात. त्यांतली १३ व्हर्जिनिका आहेत, एक व्हर्सिकलर. मंद राहिलेल्या २३ पैकी २० व्हर्सिकलर आहेत आणि ३ व्हर्जिनिका. ३७ फुलांचा गुंता चार फुलांवर आला. एखाद्या जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञाने फूल हातात घेऊन जे केले असते, त्याच्या जवळपास आपण दोन चौकटींत पोहोचलो.

यात एक बारकावा आहे. न निवडलेले ठिपके पुसावेत की मंद करावेत? पुसणे सोपे आणि पडदाही मोकळा होतो. पण मग उजळलेली १४ फुले किती जणांतली, हे दिसेनासे होते. छेद हरवलेला अपूर्णांक जसा निरर्थक, तशी पार्श्वभूमी हरवलेली निवडही. म्हणून आधी मंद करावे आणि पुसायचेच झाले तर '३७ पैकी १४' असा आकडा कोपऱ्यात सतत दिसत ठेवावा.

आणखी एक व्यावहारिक अडचण. मापे एका दशांश स्थळापर्यंतच घेतलेली असल्यामुळे कित्येक फुलांची पाकळीची लांबी आणि रुंदी तंतोतंत सारखी आहे. त्यांचे ठिपके एकावर एक बसतात आणि पाकळीच्या आलेखातले ठिपके मोजले तर १५० भरत नाहीत. ठिपके अर्धपारदर्शक केले की दाटी असेल तिथे रंग गडद होतो आणि लपलेली फुले उघडी पडतात.

जवळून पाहताना

नकाशा जवळ आणतो तसा आलेखही जवळ आणता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने भारतातल्या मासिक पावसाची १८७१ पासूनची मालिका तयार केली आहे. अशा मालिकेतली दीडशे वर्षे घेतली तर १८०० महिने झाले. ते ६०० पिक्सेलच्या रुंदीत बसवायचे तर एका पिक्सेलला तीन महिने आले. जून, जुलै आणि ऑगस्ट एकमेकांत मिसळून जातील. यासाठी दोन आलेख एकाखाली एक ठेवतात. खालच्या बारीक पट्टीत संपूर्ण दीडशे वर्षे, आणि त्या पट्टीवर चौकट ओढून निवडलेला काळ वरच्या मोठ्या आलेखात. आपण कुठे आहोत हे खालची पट्टी सांगते आणि तिथे काय आहे हे वरचा आलेख सांगतो. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये एक क्रम सुचवला होता: प्रथम समग्र दृश्य, मग जवळ जाणे व गाळणे आणि मागितला तरच तपशील. ही दुहेरी रचना त्या क्रमाला धरूनच आहे.

मात्र एक काळजी घ्यावी लागते. अनेक संगणकप्रणाली जवळ जाताना उभा अक्षही आपोआप बदलतात. निवडलेल्या काळातला सर्वांत मोठा आकडा वरच्या टोकाला नेऊन बसवतात. मग १९७२ चे दुष्काळी वर्ष एकटे पाहिले तर त्याचा सर्वांत पावसाचा महिनासुद्धा आलेखाच्या माथ्यापर्यंत पोहोचलेला दिसेल आणि ते चांगल्या पावसाच्या वर्षासारखेच भासेल. १८७७, १८९९, १९१८ ही दुष्काळाची वर्षेही तशीच. ज्या आजी-आजोबांनी बहात्तर साली दुष्काळी कामावर खडी फोडली, त्यांना असा आलेख दाखवण्याची आमची तरी हिंमत होणार नाही. तुलना करायची असेल तर उभा अक्ष स्थिर ठेवावा. बदलायचाच असेल तर तो बदलला आहे, हे ठळकपणे सांगावे.

दहा लाख ठिपके

दीडशे फुलांचे आलेख संगणक डोळ्यांचे पाते लवण्याआधी काढतो. नोंदी दहा लाख असतील तर? माउस प्रत्येक वेळी हलताना दहा लाख नोंदी तपासायच्या म्हटले की आलेख अडखळू लागतो. हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. लिऊ आणि हीर या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आलेखाच्या प्रतिसादाला मुद्दाम अर्ध्या सेकंदाचा जादा विलंब लावला. तेवढ्याने लोकांचे शोधणे मंदावले आणि आकडेवारीचा कमी भाग त्यांनी पाहिला. वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक दर वेळी घुटमळू लागले तर मुले प्रश्न विचारायचे सोडून देतात, तसेच काहीसे.

उपाय गणिताचा आहे आणि तो रेल्वेच्या वेळापत्रकात पूर्वीपासून आहे. वेळापत्रकात प्रत्येक स्थानकासमोर मूळ स्थानकापासूनचे अंतर छापलेले असते. मधल्या कुठल्याही दोन स्थानकांतले अंतर हवे असेल तर सगळे टप्पे मिळवत बसावे लागत नाही; दोन आकड्यांची वजाबाकी पुरते. आलेखातही तसेच करतात. नोंदींची आधीच लहान लहान वर्गांतरांत विभागणी करून 'इथपर्यंत एकूण किती' अशी संचित वारंवारता साठवून ठेवायची. चौकटीच्या उजव्या कडेपर्यंतच्या संख्येतून डाव्या कडेपर्यंतची वजा केली की उत्तर हजर. नोंदी दहा लाख असोत की दहा कोटी, वजाबाकी एकच. दोन राशींचा संबंध पाहायचा तर ५० गुणिले ५० म्हणजे २५०० घरांचा एक तक्ता आधीच भरून ठेवायचा. चौकट हलते तेव्हा फक्त तोच वाचायचा. मुलांना कंटाळवाणा वाटणारा संचित वारंवारतेचा तक्ता असा अचानक कामाला येतो.

हलत्या आलेखांबद्दल थोडक्यात. वर्षे सरत जातात आणि देशांचे बुडबुडे पडद्यावर सरकत जातात, अशी हान्स रोसलिंग यांची सादरीकरणे २००६ पासून जगभर पाहिली गेली आणि ती खरोखरच प्रभावी होती. पण त्यांच्या तोंडची गोष्ट वजा केली तर? २००८ मध्ये रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलना करून पाहिली. लोकांना हलते आलेख आवडले, मात्र स्वतः शोध घेताना छोट्या स्थिर आलेखांची रांग समोर असली की त्यांच्या चुका कमी झाल्या. आम्हाला यात नवल वाटत नाही. एका वेळी डोळा एखाद्या-दुसऱ्या ठिपक्याच्या मागे धावू शकतो, शंभरांच्या नाही.

आलेख भुलवतो तेव्हा

चौकट हाती आली की माणूस ती फिरवतच राहतो. पाच राशी, पन्नास निवडी, शेकडो जोड्या. कुठे ना कुठे काहीतरी 'दिसणारच'. केवळ योगायोगाने सुद्धा दिसेल. आकाशातल्या ढगांत हत्ती दिसतो तसा. छापील आलेखात आलेख काढणारा वाचकाला फसवू शकत होता. संवादी आलेखात वाचक स्वतःच स्वतःला फसवू शकतो.

यावर आंद्रेआस बुया, डायान कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक छान उपाय मांडला. पोलिसांच्या ओळखपरेडीसारखा. आपल्याला संबंध दिसला असे वाटते तो खरा आलेख घ्यायचा. मग एका राशीचा स्तंभ तसाच ठेवून दुसऱ्या राशीचे आकडे पत्त्यांसारखे पिसायचे आणि नवा आलेख काढायचा. पिसल्यामुळे त्यात संबंध उरलेला नसतो. असे १९ खोटे आलेख करून खरा त्यांच्यात मिसळायचा आणि आकडेवारी आधी न पाहिलेल्या माणसाला विचारायचे, 'यांतला वेगळा कोणता?' खरोखर संबंध नसेल तर त्याने खऱ्यावर बोट ठेवण्याची संभाव्यता २० पैकी १ एवढीच असते. त्याने बिनचूक खरा उचलला तर आपल्याला दिसलेल्या गोष्टीत तथ्य असण्याची शक्यता बरीच. हा प्रयोग वर्गात आलेखकागदावरही करता येतो, आणि ओळखपरेड म्हटल्यावर मागच्या बाकावरची मुलेही पुढे सरसावतात.

दुसरा मुद्दा सुरुवातीच्या दृश्याचा. दोन शाळांच्या आलेखात गट वेगळे करण्याचे बटण दिलेले आहे, पण आलेख उघडताना ८० आणि ५९ हेच दोन स्तंभ दिसतात, असे समजा. बटण न दाबता पुढे जाणारा वाचक चुकीचेच उत्तर घेऊन जाणार. सोय दिली म्हणून आलेख करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. जे समजल्यावाचून निष्कर्ष उलटतो, ते काहीही न दाबता दिसले पाहिजे. यू-डायसची माहिती आपणच शाळाशाळांतून भरतो. तिच्यावरून कोणी आलेख केला तर 'हा उघडल्याबरोबर काय दिसते आणि काय दोन बटणांपलीकडे आहे?' हे पाहण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

तिसरा मुद्दा शाळेत विशेष महत्त्वाचा. ठिपक्यावर माउस नेताच नाव दिसणे फुलांच्या बाबतीत निरुपद्रवी आहे. वर्गातल्या मुलांची वजने किंवा गुण मांडले असतील तर तेच वैशिष्ट्य क्रूर ठरते. नावाऐवजी हजेरी क्रमांक दिला तरी भागत नाही, कारण वर्गात क्रमांक सर्वांना पाठ असतात. गुपचूप दोन चौकटी ओढून 'गावाबाहेरून येणारी, उंची एवढी' असे गाळत गेले तर एकच मूल उरते आणि सगळ्यांना ते कळते. अशा वेळी मुलांच्या मापांपेक्षा झाडांच्या पानांची, चिंचोक्यांची किंवा शेंगांतल्या दाण्यांची मापे घ्यावीत. निवडलेल्या गटात पाचांपेक्षा कमी नोंदी उरल्या तर तपशील दाखवायचा नाही, असा नियमही आलेखात घालता येतो.

शाळेत संगणक आणि इंटरनेट असेल तर 'कोडॅप' ही विनामूल्य संगणकप्रणाली वापरून पाहावी. ती खास शिक्षणासाठी बनवलेली आहे. तक्त्यातली राशी माउसने ओढून अक्षावर सोडली की आलेख तयार होतो आणि एका आलेखात निवडलेल्या नोंदी दुसऱ्या आलेखात व तक्त्यात आपोआप उजळतात. कुंचल्याचे तंत्र आयते मिळते. ज्यांना स्वतः आलेख बांधायचे आहेत त्यांच्यासाठी २०११ पासूनची 'डी-३' आणि नंतर आलेली 'वेगा-लाइट' ही साधने आहेत. डी-३ मध्ये वर सांगितलेली सूत्रे, चौकट आणि यादी आपण जुळवायची. वेगा-लाइटमध्ये 'या अक्षावर अंतराल निवडता यावा' एवढे लिहिले की उरलेले ती प्रणाली पाहते. आधी डी-३ मध्ये एकदा हाताने करून पाहावे आणि मग सोप्या साधनाकडे वळावे, असा आमचा सल्ला राहील.

आणि संगणक नसेल तर? संगणक घरोघर येण्याआधी ग्रंथालयांत आणि प्रयोगशाळांत कडेला छिद्रे असलेली कार्डे वापरत असत. तीच करावीत. पोस्टकार्डाच्या आकाराची पुठ्ठ्याची चाळीस कार्डे घ्या, एक कार्ड म्हणजे एक पान. वरच्या कडेला सर्व कार्डांवर अगदी एकाच जागी आठ छिद्रे पाडा. प्रत्येक छिद्र म्हणजे एक प्रश्न: पान दहा सेंटिमीटरपेक्षा लांब आहे का, कडा दातेरी आहे का, शिरा समांतर आहेत का, आणि असेच. उत्तर 'हो' असेल तर त्या छिद्रापासून कडेपर्यंत कात्रीने खाच कापायची. 'नाही' असेल तर छिद्र तसेच ठेवायचे. सगळी कार्डे एकत्र जुळवून 'दातेरी'च्या छिद्रातून विणकामाची सुई घाला आणि उचला. दातेरी पानांची कार्डे खाली पडतात, बाकीची सुईला लटकून राहतात. पडलेली कार्डे जुळवून 'लांब'च्या छिद्रातून पुन्हा सुई घातली की दातेरी आणि लांब अशी दोन्ही असलेली पाने खाली पडतील. दातेरी किंवा लांब यांपैकी काहीही चालत असेल, तर दुसऱ्या खेपेला पडलेली नव्हे, सुईला राहिलेली कार्डे घ्यायची आणि दोन्ही वेळा पडलेली कार्डे एकत्र करायची. प्रत्येक कार्डाचा उजवीकडचा वरचा कोपरा आधीच तिरका कापून ठेवावा, म्हणजे एखादे कार्ड उलटे लागले तर ते गठ्ठ्यात लगेच दिसते.